शेजार पाहून घरटे

विणीसाठी जागा निवडताना पक्षी काय पाहतो? झाडाची ढोली, पानांची दाटी, पाण्याचे अंतर, किड्यांची चंगळ अशी यादी कुणीही चटकन करील. पक्षिशास्त्रानेही बराच काळ हीच यादी केली. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९३३ साली मांडले, की प्रत्येक जात आपल्या पूर्वापार अधिवासाच्या ठळक खुणा ओळखते आणि तिथे स्थिरावते. पुढे १९५८ साली रॉबर्ट मॅकआर्थर यांनी अमेरिकेच्या ईशान्येकडील स्प्रूसच्या जंगलात वॉर्बलरच्या पाच जाती एकाच झाडाचे वेगवेगळे भाग कसे वाटून घेतात हे दाखवले. जागेच्या निवडीत दुसरी जात डोकावू लागली ती इथून, पण तिच्या वाट्याला भूमिका एकच आली: वाटेकऱ्याची. दुसरा जितका दूर तितके बरे, असे गृहीत धरून कितीतरी सिद्धान्त उभे राहिले. गेल्या पस्तीसेक वर्षांतल्या प्रयोगांनी या वाटेकऱ्याचे आणखी एक रूप समोर आणले आहे, ते खबऱ्याचे. मला वाटते, त्या प्रयोगांचा अर्थ याहूनही पुढे जातो. ज्याच्याशी भांडण सर्वांत जास्त, त्याच्याकडची खबरही सर्वांत मोलाची असते, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

हे समजायला स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्याची अडचण नीट लक्षात घ्यायला हवी. पाइड फ्लायकॅचर हा बारा-तेरा ग्रॅम वजनाचा माशीमार हिवाळा सहाराच्या दक्षिणेला, पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि मे महिन्यात उत्तर युरोपातल्या जंगलात विणीसाठी पोहोचतो. तिथला उन्हाळा आखूड असतो. त्याला सहसा एकच वीण साधते, आणि जितका उशीर होईल तितकी अंडी कमी पडतात. मादीला काही दिवसांतच नर आणि ढोली ठरवावी लागते. मुख्य अडचण वेगळीच आहे. ज्या अळ्यांवर पिल्ले वाढणार, त्या अळ्या मादी जागा निवडते तेव्हा तिथे पुरेशा नसतातच. पाने नुकती फुटत असतात. जूनमध्ये या झाडांवर किती अन्न असेल, हे मे महिन्यातले झाड सांगू शकत नाही. शिकारी कुठे फिरतात, मागच्या पावसात कोणती ढोली ओली झाली, हेही नव्याने आलेल्या पक्ष्याला ठाऊक नसते. स्वतः हिंडून, मोजून, पारखून निवड करायची तर आठवडे जातील, आणि तेवढे आठवडे त्याच्यापाशी नाहीत.

त्याच जंगलात ग्रेट टिट आणि त्याच्या कुळातले इतर छोटे पक्षी मात्र बारमाही असतात. सह्याद्रीतल्या झाडीत जो राखी रंगाचा, काळ्या डोक्याचा आणि पांढऱ्या गालांचा टिट दिसतो, त्याचाच हा युरोपीय भाऊबंद. त्याने अख्खा हिवाळा तिथे काढलेला असतो. कुठे खायला मिळते आणि कुठे धोका आहे याचा अनुभव घेऊन त्याने जागा धरलेली असते, आणि माशीमार येतो तोवर बऱ्याचदा त्याच्या घरट्यात अंडीही असतात. तोही ढोलीतच घरटे करतो, पिल्लांना अळ्याच भरवतो, त्याचे शत्रूही तेच. परक्या गावात पोहोचलेला भुकेला प्रवासी जसा गावकऱ्यांची वर्दळ असलेल्या खाणावळीत शिरतो, तसे माशीमाराने टिटच्या आसपास राहायचे ठरवले तर निवड बरोबर ठरण्याची शक्यता बरीच वाढते. फिनलंडचे मिक्को म्यॉनक्क्योनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ही कल्पना तपासली. उत्तर फिनलंडच्या जंगलात त्यांनी काही ठिकाणी टिटची संख्या वाढवली आणि काही ठिकाणी घटवली. जिथे टिट जास्त, तिथे नंतर आलेले स्थलांतरित पक्षीही जास्त आढळले. स्पर्धेच्या जुन्या हिशेबाने याच्या उलट घडायला हवे होते.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. दोन्ही जातींना एकच प्रकारचे जंगल आवडत असेल, म्हणून त्या एकत्र दिसत असतील. त्यात खबर कसली? केवळ निरीक्षणावर विसंबलेल्या अभ्यासाला या आक्षेपाचे उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच टिटची संख्या माणसाने बदलणे महत्त्वाचे होते. टिट कुठे जास्त असावेत हे प्रयोग करणाऱ्यांनी ठरवले असेल, तर जंगलाच्या मूळ गुणवत्तेचा त्या संख्येशी संबंध तुटतो. यूक्का फोर्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याहून पुढचे दिसले. टिटच्या जवळ घरटे केलेल्या माशीमारांनी लवकर अंडी घातली, त्यांची पिल्ले जास्त होती आणि पिल्लांची वाढही चांगली झाली. म्हणजे हे शेजारपण त्यांना फळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेजारपण फळते हे मान्य केले, तरी ते खबरीमुळेच फळते कशावरून? जास्त डोळे असले की शिकारी लवकर दिसतो. एकाने आरडाओरड केली की दुसरा सावध होतो. टिटच्या मागोमाग हिंडले की खाणेही सापडते. या सगळ्या फायद्यांसाठी टिटच्या निवडीतून काही शिकण्याची गरज नाही, त्यांची सोबत पुरते. सोबत आणि शिकवण यांची फारकत करायची, तर पक्ष्यापुढे अशी निवड ठेवायला हवी जिच्यात स्वतःचा म्हणून काहीच नफा-तोटा नाही.

यान्ने-तुओमास सेप्पानेन आणि फोर्समन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथेच उपयोगी पडतो. मला तो या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. त्यांनी जंगलात घरट्यांच्या पेट्या लावल्या. टिटनी पेट्या धरल्यावर त्या पेट्यांच्या तोंडाशी एक पांढरी भौमितिक आकृती लावली, समजा वर्तुळ. आणि शेजारच्या रिकाम्या पेटीवर दुसरी, समजा त्रिकोण. दुसऱ्या भागात याच आकृत्यांची अदलाबदल केली. टिटनी आकृती पाहून पेटी निवडलेली नव्हती, आकृती नंतर आली होती. पण बाहेरून येणाऱ्या माशीमाराला मात्र दिसणार होते, की इथले सगळे टिट वर्तुळाच्या पेटीत राहतात आणि त्रिकोणाची पेटी ओस पडली आहे. मग माशीमारांसाठी रिकाम्या पेट्यांच्या जोड्या ठेवल्या, एकीवर वर्तुळ आणि दुसरीवर त्रिकोण. वर्तुळात अळ्या नसतात आणि त्रिकोणात साप नसतो. निसर्गात या आकृत्यांना कसलाही अर्थ नाही. तरीही टिटनी जी आकृती ‘निवडली’ असे दिसत होते, तिच्याकडे माशीमारांचा कल झुकत गेला. हंगामाच्या सुरुवातीला आलेल्या जोड्यांत हा कल नव्हता. उशिरा आलेल्या जोड्यांपैकी मोठ्या बहुसंख्येने टिटचीच आकृती उचलली. ज्याच्या हाती वेळ कमी, तो दुसऱ्याच्या अनुभवावर जास्त भिस्त ठेवतो, या अपेक्षेशी हे अगदी जुळते. शिवाय प्रयोगाच्या रचनेमुळे सोबतीचा मुद्दा बाद होतो. जोडीतल्या दोन्ही पेट्या जवळजवळच होत्या, त्यामुळे शेजार, सावधगिरी, अन्न सगळे सारखेच. फरक फक्त आकृतीचा.

पण सगळ्या टिटचे अनुकरण करणे शहाणपणाचे नाही. एखाद्या जोडीने वाईट जागा धरली असेल, तर तिची नक्कल म्हणजे तिचे नुकसान आपल्या पदरात पाडून घेणे. म्हणून याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: टिटचे बरे चालले आहे की नाही, हे माशीमार पाहतो का? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात टिटच्या घरट्यात अंडी-पिल्ले किती आहेत याच्याशी माशीमार मादीच्या निवडीचा ताळा घातला. प्रयोग चार वेगवेगळ्या भागांत झाला आणि चारही ठिकाणी कल सारखाच निघाला. टिटच्या घरट्यात अंडी-पिल्ले जितकी जास्त, तितकी त्याच्या आकृतीची नक्कल जास्त. आणि जिथे टिटची वीण सर्वांत कमी भरली होती, तिथे माशीमारांनी ती आकृती टाळून मुद्दाम दुसरी निवडली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे माणसांपुरतेच खरे नाही. दुसऱ्या जातीच्या अपयशावरून धडा घेऊन त्याने केले ते न करणे, ही गोष्ट केवळ आकर्षणाने किंवा सोबतीच्या ओढीने समजावता येत नाही. माशीमार टिटच्या घरट्यांत डोकावून पाहतात याची नोंद आहे. ही डोकावणी त्यांना महागातही पडू शकते, हे पुढे येईलच.

इथवर कथा माशीमाराच्या बाजूने चालली. टिटच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. माशीमार जवळ आल्याने टिटला काय मिळते? फोर्समन यांच्याच प्रयोगांतून दिसले, की शेजारी माशीमार आले तर टिटच्या विणीला तोटा होतो. अळ्यांत वाटेकरी येतो आणि त्याच्याकडून शिकण्यासारखे टिटला काही नसते, कारण तो नंतर आलेला आहे. म्हणून संशोधकांनी या नात्याला परोपजीवीपणा म्हटले आहे. खबरीची ही उचलेगिरी जर खरोखर महाग पडत असेल, तर टिटनेही काही उपाय केला असावा, अशी अपेक्षा करता येते. ग्रेट टिटची मादी अंडी घालण्याच्या दिवसांत घरट्यातली अंडी केसांनी झाकून ठेवते. ओल्ली लोउकोला आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की घरट्याजवळ माशीमाराची प्रतिकृती आणि त्याचा आवाज ठेवला, तर टिट अंडी अधिक केसांनी झाकतात. तुलनेसाठी वॅक्सविंग या निरुपद्रवी पक्ष्याची प्रतिकृती ठेवली तेव्हा तितके झाकले नाही. अंडी मोजता आली नाहीत, तर डोकावणाऱ्याला ‘इथे बरे चालले आहे’ हे कळायचे कसे? माझ्या मते खबरीची चोरी खरी आहे याचा हा सर्वांत बळकट पुरावा आहे. ज्या गोष्टीला किंमत नाही ती लपवायची तसदी कोणी घेत नाही.

याहून कठोर उपायही आहे. ग्रेट टिट वजनाने माशीमाराच्या दीडपट, पायांनी मजबूत. मोकळ्या हवेत चपळ माशीमार निसटतो, पण पेटीच्या आत सापडला तर टिट त्याला ठार करतो. येल्मर साम्प्लोनियस आणि क्रिस्टियान बोट यांनी नेदरलँड्समधल्या दहा वर्षांच्या नोंदी २०१९ साली मांडल्या. काही वर्षांत जवळपास ९ टक्के माशीमार नर टिटच्या पेट्यांत मारले गेले होते. हिवाळा सौम्य गेला की जास्त टिट जगतात, आणि दोन्ही जातींच्या विणीच्या तारखा जवळ आल्या की पेट्यांवरून झटापटी वाढतात. इथे कुणी म्हणेल, की इतका जीवघेणा शेजार शोधणारा पक्षी शहाणा कसा? मुद्दा नेमका तिथेच आहे. टिट आणि माशीमार यांच्या गरजा एकमेकींवर जितक्या बसतात, तितकी टिटची निवड माशीमाराला लागू पडते; आणि तितकीच दोघांची टक्करही होते. ज्याच्या गरजा पूर्ण वेगळ्या, त्या पक्ष्याशी भांडण नाही, पण त्याच्या निवडीतून शिकण्यासारखेही काही नाही. म्यॉनक्क्योनेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेले गणित हेच सांगते, की बारमाही पक्ष्यांची दाटी वाढत गेली की त्यांच्याजवळ राहण्याचा फायदा काही मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग स्पर्धेचा भार खबरीपेक्षा जड होऊ लागतो. फायदा आणि तोटा एकाच मुळातून फुटतात, म्हणून एक घेऊन दुसरा टाळता येत नाही.

शत्रूची खबरही अशीच उपयोगी पडते, आणि तिथे हिशेब सोपा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या जंगलात चिपमंक हा खारीच्या कुळातला प्राणी जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी खातो. क्विन एमरिंग आणि केनेथ श्मिट यांनी तिथे चिपमंकचे आवाज ध्वनिवर्धकावरून वाजवले, तेव्हा ओव्हनबर्ड आणि व्हीरी या जमिनीजवळ घरटे करणाऱ्या पक्ष्यांनी त्या जागांपासून दूर घरटी बांधली. प्रत्यक्ष चिपमंक तिथे असण्याची गरजच पडली नाही. स्पेनमध्ये देसेआदा पारेहो आणि सहकाऱ्यांनी छोट्या घुबडाचे धोक्याचे ओरडणे वाजवले, तर स्कॉप्स घुबडांनी ती जागा टाळली. इथे इशारा शेजारी घुबडाचा होता, आणि तो ऐकून निर्णय दुसऱ्या जातीच्या घुबडाने घेतला.

संरक्षणासाठी धरलेला शेजार मात्र मी या यादीत सरसकट घालणार नाही. ॲरिझोनामध्ये ब्लॅक-चिन्ड हमिंगबर्ड गॉसहॉकसारख्या शिकारी पक्ष्याच्या घरट्याभोवती घरटी करतो. कारण शिकाऱ्याच्या भीतीने जे पक्षी त्या घरट्याखाली फिरकत नाहीत, अंडी चोरणारे तेच असतात. सैबेरियाच्या तैमिर भागात लाल छातीचे हंस बहिरी ससाणा आणि बर्फाळ घुबड यांच्या आसऱ्याने वीण करतात, ते कोल्ह्यांपासून वाचण्यासाठी. आपल्याकडे कोतवाल ज्या झाडावर घरटे करतो, त्याच झाडावर हळद्या, होला, बुलबुल घरटी करतात हे सलीम अलींच्या काळापासून नोंदलेले आहे. कोतवाल कावळ्याला आणि घारीला झाडाजवळ येऊ देत नाही. या सगळ्या उदाहरणांत शेजाऱ्याचे तिथे असणे हाच फायदा आहे. कोतवाल उडून गेला की फायदाही संपतो. टिटचे तसे नाही. टिटची निवड हे जागेबद्दलचे विधान आहे, आणि आकृत्यांच्या प्रयोगाने दाखवले ते हे, की माशीमार ते विधान वाचतो. अर्थात निसर्गात दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात. ससाण्याचे घरटे त्या भागात भक्ष्य भरपूर असल्याचीही ग्वाही देतेच.

आणखी एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा पक्षी फसणार नाही का? फसतो. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये मॅथ्यू बेट्स आणि सहकाऱ्यांनी काळ्या गळ्याच्या निळ्या वॉर्बलरसाठी, वीण संपण्याच्या सुमारास, त्याच जातीचे गाणे ध्वनिवर्धकावरून वाजवले. पुढच्या वर्षी त्या जातीचे पक्षी तिथे येऊन राहिले, अगदी जिथली झाडी त्यांना साजेशी नव्हती अशा ठिकाणीही. ही नक्कल स्वजातीयाची होती, पण धोका तोच आहे: खबर खोटी निघाली तर डोळ्यांना दिसणारे जंगलही तिच्यापुढे हरते. तरी या उदाहरणाने नक्कल ही चूक आहे असे ठरत नाही. कुणी ध्वनिवर्धक लावत नाही अशा जंगलात गाणारा नर बहुतेक वेळा खरोखर चांगल्या जागीच असतो. शिवाय गॉटलंड बेटावरच्या माशीमारांच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले, की टिटची नक्कल करणे हा गुण आईकडून मुलीकडे फारसा जात नाही, आणि एका वर्षी नक्कल करणारी मादी दुसऱ्या वर्षी करेलच असेही नाही. ही आंधळी सवय असती तर असे दिसले नसते. वेळ किती उरला, टिट किती आहेत, त्यांचे कसे चालले आहे, अशा परिस्थितीप्रमाणे हा निर्णय होतो. परिस्थिती माणसाने झपाट्याने बदलली तर हाच लवचिकपणा अपुरा पडू शकतो, आणि हवामान बदलाची मला खरी काळजी वाटते ती इथे. टिटच्या विणीच्या तारखा आणि माशीमाराच्या आगमनाच्या तारखा वेगवेगळ्या गतीने सरकल्या, तर येणाऱ्याला वाचायला मिळणारी खबर शिळी असेल किंवा अजून तयारच झालेली नसेल.

यातून संवर्धनाला एक ठोस गोष्ट मिळते. जंगलातून एखादी बारमाही, सामान्य, ‘सगळीकडे दिसते’ म्हणून दुर्लक्षिली जाणारी जात नाहीशी झाली, तर अन्नसाखळीतला दुवा जातोच, आणि नंतर येणाऱ्यांसाठी त्या जंगलाची खातरी देणाराही जातो. झाडे शाबूत, किडे शाबूत, आणि तरी स्थलांतरित येऊन स्थिरावत नाहीत, असे चित्र यामुळे उभे राहू शकते. अधिवास पुन्हा उभा करताना नुसती झाडे लावून वाट पाहण्यापेक्षा आधी बारमाही पक्ष्यांना तिथे वसू देणे, त्यांच्यासाठी ढोलीची जुनी झाडे राखणे, हे म्हणून अधिक पायाशुद्ध धोरण आहे. वाळलेले झाड ‘निरुपयोगी’ म्हणून तोडताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

महाराष्ट्रातही विणीसाठी बाहेरून येणारे पक्षी आहेत. नवरंग पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतो आणि आपल्या जंगलांत वीण करतो, त्या वेळी इथले बारमाही पक्षी आपापल्या जागा धरून बसलेले असतात. आज राज्यात पक्षिनिरीक्षक भरपूर आहेत आणि त्यांच्या याद्याही काळजीपूर्वक केलेल्या असतात, पण त्या याद्यांत बहुतेकदा जात आणि संख्या एवढेच असते. त्यांना माझी विनंती आहे: नवरंगाचे, हळद्याचे किंवा कुणाचेही घरटे दिसले, तर दुर्बीण लावून दुरूनच पाहावे, आणि आसपास दुसऱ्या कोणत्या जातीची घरटी आहेत, किती अंतरावर आहेत, आधी कोण आले आणि कोणाची पिल्ले उडाली, हेही त्याच नोंदीत तारखेसह लिहावे.